उंटाचे पान कोणते? टपाल तिकिटे आणि वर्गीकरणाचा इतिहास

१/
१९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्याने साडेतीन आण्यांचे एक तिकीट काढले. त्यावर सहावे जॉर्ज बादशहा यांची मुद्रा आहे आणि तिच्या जोडीला टपाल घेऊन निघालेला उंट. कॅटलॉगांत या तिकिटाची नोंद ‘डाक कॅमल’ अशी सापडते. प्राणी या विषयावरची तिकिटे जमवणाऱ्या संग्राहकाच्या हाती हे तिकीट आले की एक साधा प्रश्न उभा राहतो : ते अल्बममध्ये लावायचे कोणत्या पानावर?

२/
सस्तन प्राण्यांच्या पानावर, की ओझी वाहणाऱ्या पाळीव जनावरांच्या? टपालवाहतुकीच्या, की थेट साम्राज्याच्या? तिकीट एकच आहे आणि एका वेळी ते एकाच पानावर राहू शकते. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटते. प्रत्यक्षात ‘हा प्राणी इथे काय करतो आहे?’ हा इतिहासाचा प्रश्न या कामात दडलेला असतो. त्या प्रश्नाचा आणि त्याला दिल्या गेलेल्या उत्तरांचा मागोवा घेणारा हा प्रदीर्घ धागा.

३/
आधी तिकिटांची जुनी मांडणी पाहू. जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, मे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये आले. त्यावर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा होता. स्टॅन्ली गिबन्स या इंग्रज व्यापाऱ्याची पहिली किंमतसूची १८६५ साली निघाली. तेव्हापासून कॅटलॉगांचा शिरस्ता ठरून गेला : देश, मग वर्ष, मग मूल्य. राज्य कोणाचे, गादीवर कोण आणि दर किती, या क्रमाने जग अल्बममध्ये उतरू लागले. ही मांडणी इतकी रुळली की तीही एका विशिष्ट नजरेने केलेली निवड आहे, याचा विसर पडला.

४/
विषयवार संग्रहाने ती चौकट मोडली. देश कोणताही असो, जिथे पक्षी दिसेल ते तिकीट एकत्र. जिथे आगगाडी दिसेल ते दुसरीकडे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पद्धतीला इतके अनुयायी मिळाले की १९४९ साली अमेरिकेत ‘अमेरिकन टॉपिकल असोसिएशन’ स्थापन झाली आणि विषयवार याद्या तयार करण्याचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले. इथूनच खरी पंचाईत सुरू होते. देश तिकिटावर छापलेला असतो आणि मूल्यही छापलेले असते. विषय मात्र छापलेला नसतो, तो संग्राहकाला ठरवावा लागतो.

५/
प्राण्यांच्या बाबतीत उत्तर तयारच आहे असे वाटते. कार्ल लिनीअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय द्विनाम पद्धतीचा आरंभ तिथून मानला जातो. वर्ग, गण, कुल, प्रजाती अशी उतरंड हाताशी असताना तिकिटे त्या शिडीवर लावत गेले की झाले. अनेक संग्राहक नेमके हेच करतात, आणि काही तिकिटांना ही पद्धत छान बसतेही.

६/
भारताचेच उदाहरण घ्यावे. १९६२ साली वन्यजीव सप्ताहाच्या निमित्ताने १५ नव्या पैशांच्या तिकिटावर एकशिंगी गेंडा आला. पुढच्याच वर्षी पाच प्राण्यांची मालिका निघाली : १० नव्या पैशांवर गवा, १५ वर तांबडा पांडा, ३० वर हत्ती, ५० वर वाघ आणि १ रुपयावर सिंह. यांतल्या कोणावर खोगीर नाही, कोणी गाडीला जुंपलेला नाही. प्राणी स्वतःच तिकिटाचा विषय आहेत. अशा तिकिटांना लिनीअसची शिडी पुरते.

७/
पण त्याच मालिकेतला पांडा शिडी हलवून दाखवतो. तांबड्या पांड्याला शास्त्रीय नाव मिळाले १८२५ साली. त्यानंतर त्याला कधी रॅकूनच्या कुलात बसवले गेले, कधी अस्वलाच्या जवळ. आज त्याचे कुल स्वतंत्र मानले जाते. चीनचा काळा-पांढरा मोठा पांडा मात्र अस्वलांच्या कुलात गेला. म्हणजे ‘पांडा’ असे शीर्षक देऊन ज्याने दोघांना एका पानावर लावले, त्याचे पान नावाने बरोबर आणि नात्याने चूक ठरते. शास्त्र पुढे सरकते, अल्बममधला गोंद तिथेच राहतो.

८/
याहून मोठी अडचण पहिल्या प्राणी-तिकिटांपाशीच येते. स्वित्झर्लंडमधल्या बासल परगण्याने जुलै १८४५ मध्ये काढलेल्या तिकिटावर चोचीत पत्र धरलेले पांढरे कबूतर आहे. ‘बासलचे कबूतर’ म्हणून हे तिकीट जगप्रसिद्ध आहे. पक्ष्यांच्या तिकिटांची कोणतीही यादी त्याच्यापासून सुरू होऊ शकते. तरी हे कबूतर पाहून कोणी पक्षिशास्त्र शिकणार नाही. ते टपालाचे आणि शुभवार्तेचे प्रतीक आहे. लिनीअसच्या शिडीवर प्रतीकासाठी पायरी नाही.

९/
एप्रिल १८५१ मध्ये कॅनडा प्रांताने तीन पेन्सचे तिकीट काढले. सँडफोर्ड फ्लेमिंग यांनी आरेखित केलेल्या त्या तिकिटावर राणी नाही, बीव्हर आहे. पाण्यात बांध घालणाऱ्या या कष्टाळू प्राण्याला हा मान मिळाला, त्यामागे एक व्यापारही होता. बीव्हरच्या लोकरीपासून युरोपात टोप्या बनत, आणि त्या कातड्यांच्या शोधात व्यापारी उत्तर अमेरिकेच्या आत आत शिरत गेले. तिकिटावरचा बीव्हर म्हणजे त्या वसाहतीचा मोठा निर्यातमाल होता.

१०/
न्यूफाउंडलँडची १८६५ सालची तिकिटे तर हे उघडच सांगतात. दोन सेंटांवर कॉड मासा, पाच सेंटांवर सील. त्या बेटाचे पोटच मासेमारीवर आणि सीलच्या शिकारीवर चालत असे. गंमत अशी की त्या सीलला कोरणाऱ्याने पुढचे वल्ह्यासारखे पर न देता चक्क पंजे दिले. शरीररचनेवरून वर्गीकरण करणाऱ्याने या प्राण्याला कोठे बसवावे? ज्याची कातडी आणि चरबी जहाजात भरली जाई, त्याचे पाय कसे असतात हे तिकीट कोरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज भासली नव्हती.

११/
इथे एक जुना भारतीय ग्रंथ अनपेक्षितपणे मदतीला येतो. आपल्याकडे जन्माच्या प्रकारावरून जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज अशी चतुर्विध विभागणी प्रसिद्ध आहे. ती एका अर्थाने लिनीअससारखीच, म्हणजे शरीराकडे पाहणारी. अमरसिंहाच्या ‘अमरकोशा’तली मांडणी मात्र निराळी आहे. पाठांतरासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या या संस्कृत कोशात शब्द ‘वर्गां’त बांधलेले आहेत, आणि त्यांतल्या एकाचे नाव ‘सिंहादिवर्ग’ असे आहे.

१२/
सिंहादिवर्गात सिंह आहे, वाघ आहे, हरणे आहेत, पक्षी आणि कीटकही आहेत. मात्र हत्ती आणि घोडा तिथे शोधले तर सापडत नाहीत. ते आहेत क्षत्रियवर्गात, राजा आणि सैन्याच्या शब्दांशेजारी. गाय-बैल, उंट, शेळ्या-मेंढ्या वैश्यवर्गात, शेती आणि व्यापाराच्या सोबत. आणि कुत्रा आहे शूद्रवर्गात. रानातले प्राणी रानात, आणि माणसाच्या कामी आलेला प्रत्येक प्राणी त्याला राबवणाऱ्या माणसाच्या घरात!

१३/
आता हीच फूटपट्टी तिकिटांना लावून पाहावी. कॅनडाचा बीव्हर आणि न्यूफाउंडलँडचा कॉड हे वैश्यवर्गातले प्राणी ठरतात. १९६३ सालचा वाघ आणि गवा सिंहादिवर्गात जातात. आणि क्षत्रियवर्गात? १५ ऑगस्ट १९५७ रोजी, अठराशे सत्तावनच्या शताब्दीनिमित्त १५ नव्या पैशांचे तिकीट निघाले. त्यावर झाशीची राणी लक्ष्मीबाई घोड्यावर स्वार आहे. या घोड्याला ‘अश्वकुल’ अशा पानावर, झेब्र्याच्या शेजारी नेऊन बांधणे कोणत्याही मराठी वाचकाला विचित्र वाटेल. तो रणातला घोडा आहे, आणि अमरकोश त्याला बरोबर ओळखतो.

१४/
पण या जुन्या मांडणीचे कौतुक करताना सावध राहिले पाहिजे. कुत्रा शूद्रवर्गात का? त्याच्या शरीरात असे काहीच नाही. कोशकाराच्या काळच्या समाजात शिकारी आणि कुत्रे पाळणारे लोक ज्या स्थानी ढकलले गेले होते, तिथेच त्यांचा प्राणीही गेला. एका निरुपद्रवी शब्दकोशात समाजाची सगळी उतरंड अशी गुपचूप शिरून बसली आहे. ‘आम्ही फक्त वर्गवारी केली’ असे म्हणणारा प्रत्येक जण नकळत आपल्या काळाविषयीही साक्ष देत असतो. ही गोष्ट टपाल तिकिटांनाही तंतोतंत लागू पडते.

१५/
कुत्र्याचाच विषय निघाला आहे तर लायका आठवावी. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही भटकी कुत्री ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ‘स्पुट्निक २’मधून पृथ्वीच्या कक्षेत गेली. परत आणण्याची सोय मुळातच नव्हती. त्याच वर्षी रुमानियाने तिचे तिकीट काढले. बहुतेक अल्बममध्ये ते ‘अंतराळ’ या पानावर, रॉकेटांच्या रांगेत लावले जाते. उड्डाणानंतर काही तासांतच उष्णतेने ती मेली, हे २००२ साली जाहीर झाले. ती ‘कुत्री’ या पानावर असावी, ‘अंतराळ’ या पानावर, की प्रयोगांत बळी गेलेल्या प्राण्यांच्या पानावर? पान बदलले की तिच्याविषयीचे वाक्यही बदलते.

१६/
उंटाकडे परत येण्याआधी आणखी एका उंटाची भेट घ्यावी लागेल. मार्च १८९८ मध्ये सुदानची प्रसिद्ध ‘कॅमल पोस्टमन’ तिकिटे निघाली. स्टँटन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने त्यांचे चित्र काढले होते. उंटावर स्वार आहे आणि बाजूला टपालाच्या थैल्या लटकत आहेत. थैल्यांवर गावांची नावे आहेत, त्यांत खार्टूमही आहे. त्या वेळी खार्टूम महदीच्या अनुयायांच्या हाती होते. किचनरच्या सैन्याने ते घेतले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे शहर जिंकण्याच्या सहा महिने आधी त्या शहराची टपालथैली तिकिटावर छापून तयार होती.

१७/
त्या तिकिटांच्या कागदातही एक गोष्ट होती. प्रकाशासमोर धरल्यावर दिसणारे जलचिन्ह चार पाकळ्यांचे होते, आणि ते ख्रिस्ती क्रुसासारखे दिसते असा आक्षेप आला. पुढे ते बदलून चंद्रकोर आणि तारा असे चिन्ह वापरण्यात आले. ज्याने हे तिकीट केवळ ‘उंट’ म्हणून लावले, त्याच्या पानावर ना खार्टूम येते, ना जलचिन्हाचा वाद. प्राणी ओळखला जातो, पण तो ज्या मोहिमेत राबत होता ती पुसली जाते.

१८/
जलचिन्हावरून एक अस्सल भारतीय कोडे. १८६५पासून हिंदुस्थानच्या तिकिटांच्या कागदात हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह आले. तिकिटाच्या दर्शनी बाजूला फक्त राणी व्हिक्टोरिया. हत्तीचा मागमूस नाही. तिकीट काळ्या तबकात पालथे ठेवून त्यावर बेंझिनचे थेंब टाकले की कागदातून हत्तीचे मस्तक हळूहळू वर येते. बनावट तिकिटे रोखणे हे त्याचे काम. हत्ती या विषयाच्या संग्रहात हे तिकीट घ्यावे काय? जाणकार संग्राहक ते मोठ्या अभिमानाने घेतात. १८८२पासूनच्या तिकिटांत हत्तीच्या जागी तारा आला, आणि साम्राज्याचा हा अदृश्य पहारेकरी निवृत्त झाला.

१९/
म्हणजे ‘तिकिटावर प्राणी आहे’ या वाक्याचा अर्थही सरळ नाही. डिसेंबर १९४७ मध्ये स्वतंत्र भारताने दीड आण्याच्या तिकिटावर सारनाथचे अशोकस्तंभशीर्ष छापले. त्यावर सिंह तर आहेतच, खालच्या पट्टीत हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार प्राणी कोरलेले आहेत. १९४९च्या पुरातत्त्व मालिकेत सहा पैंच्या तिकिटावर कोणार्कचा घोडा आहे, तोही तेराव्या शतकातल्या दगडाचा. हे प्राणी, हे शिल्प, की हे राष्ट्र? नव्या राज्याने आपले पहिले प्राणी जंगलातून न निवडता शिल्पांतून निवडले. ही नोंद ‘सिंह’ या एका शब्दाच्या पानावर मावत नाही.

२०/
माणूस आणि प्राणी एका तिकिटावर आले की पेच आणखी वाढतो. जिम कॉर्बेट यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९७६ साली निघालेल्या तिकिटावर वाघ आहे. नरभक्षक वाघांचा शिकारी आणि पुढे वाघांचा कैवारी अशा माणसाचे हे स्मारक. सलीम अली यांच्या जन्मशताब्दीची १९९६ सालची तिकिटे पक्ष्यांच्या पानावरही शोभतात आणि शास्त्रज्ञांच्या पानावरही. टपाल खात्याच्या नोंदीत निमित्त माणसाचे असते, संग्राहकाच्या डोळ्यांना प्राणी दिसतो. दोघेही खरे बोलत असतात.

२१/
मुंबईचे उदाहरण त्याहून बोलके आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीला, १९८३ साली, महाधनेश पक्ष्याचे तिकीट निघाले. हा पक्षी संस्थेचे बोधचिन्ह झाला त्यामागे एक खरा पक्षी आहे. कारवारहून भेट आलेला ‘विल्यम’ नावाचा महाधनेश १८९४पासून १९२०पर्यंत संस्थेच्या जागेत राहिला. मद्यव्यापारी फिप्सन यांच्या दुकानातच तेव्हा संस्थेचा संसार होता, आणि विल्यमची जागा त्यांच्या खुर्चीमागे होती. ‘पक्षी : धनेश कुल’ एवढेच लिहून हे तिकीट लावणाऱ्याला या विल्यमची ओळख कधीच होणार नाही.

२२/
शिवाय त्या संस्थेच्या आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. एका पक्ष्याच्या तिकिटामागून मुंबईच्या एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणेचा एक धागा बाहेर येतो. पान ‘पक्षी’ असे असेल तर तो तुटतो. पान ‘मुंबईतील निसर्ग-अभ्यास’ असे असेल तर तोच धागा पानाचा कणा होतो. विषयाची निवड म्हणजे कोणत्या आठवणींना जागा द्यायची याची निवड.

२३/
बाजारालाही ही निवड लवकरच कळली. १९६०च्या दशकात आखातातल्या अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन अशा छोट्या अमिरातींच्या नावाने तिकिटांचा पूर लोटला. त्या वाळवंटी किनाऱ्यांशी काडीचा संबंध नसलेले प्राणी, पक्षी, चित्रकार आणि अंतराळवीर या तिकिटांवर होते. ती पत्रांसाठी नव्हती, परदेशी संग्राहकांच्या पानांसाठी होती. संग्राहक त्यांना काहीशा तुच्छतेने ‘वाळूच्या टेकड्या’ म्हणतात. डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरात स्थापन झाल्यावर हे प्रकरण ओसरले. आधी तिकीट आणि मग वर्ग, हा क्रम इथे उलटला होता. वर्ग तयार होता, तिकीट त्याच्यासाठी छापले गेले.

२४/
बेकायदा तिकिटांना आळा घालण्यासाठी विश्व टपाल संघाने २००२ साली अधिकृत तिकिटांना क्रमांक देण्याची जागतिक पद्धत सुरू केली. तिच्या नोंदी आज संगणकावर विषयानुसारही शोधता येतात. एका तिकिटाला ‘उंट’, ‘टपाल’, ‘राजे’ असे हवे तेवढे टॅग लावले की पानाचा तंटाच मिटला, असे कोणी म्हणेल. शोधण्याच्या सोयीसाठी ते खरे आहे. पण टॅग लावणाऱ्याला निवड करावी लागत नाही, आणि निवड न करणाऱ्याला कारणही द्यावे लागत नाही. पान एकच असले की कारण द्यावे लागते.

२५/
तिकीटसंग्रहाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियमही हेच ओळखतात. विषयवार प्रदर्शनाच्या १०० गुणांत केवळ मांडणीच्या देखणेपणाला ५ गुण असतात. शीर्षक आणि आराखडा यांना १५. देखणी तिकिटे नुसती ओळीत लावून भागत नाही. कोणते तिकीट कोणत्या प्रकरणात आणि का, याची सुसंगत गोष्ट सांगावी लागते. मुख्य चित्राबरोबर दुय्यम तपशील, तिकीट काढण्यामागचा हेतू, जलचिन्ह, टपालाचा शिक्का असा कोणताही दुवा संग्राहक वापरू शकतो. अट एकच की तो दुवा खरा असावा.

२६/
आता साडेतीन आण्यांच्या उंटाकडे. तो एकटा नव्हता. १९३७च्या त्या मालिकेत टपालवाहतुकीची आठ चित्रे होती, आणि मूल्यांच्या क्रमाने ती अशी : २ आणे, डाक हरकारा. अडीच आणे, बैलगाडी. ३ आणे, टांगा. साडेतीन आणे, उंट. ४ आणे, आगगाडी. ६ आणे, आगबोट. ८ आणे, मोटार-लॉरी. १२ आणे, विमान. ही यादी एकदा वरून खाली, मग खालून वर सावकाश वाचावी.

२७/
पहिल्या पायरीवर माणूस आहे. हातात घुंगरांचा भाला घेऊन घाट आणि जंगले पायी तुडवणारा, पावसापाण्यात आणि हिंस्र श्वापदांच्या वाटेवर टपाल पोचवणारा हरकारा. मालिकेच्या हिशेबात तो एक वाहन आहे, आणि सर्वांत स्वस्त वाहन. त्याच्या वर बैल, बैलाच्या वर घोडा, घोड्याच्या वर उंट, उंटाच्या वर यंत्रे. त्याचे नाव तिकिटावर नाही. चेहऱ्याला नाव आहे ते फक्त बादशहांच्या.

२८/
कोणा अधिकाऱ्याने हरकाऱ्याला हिणवण्यासाठी हा क्रम लावला असे म्हणायचे कारण नाही. प्रगती म्हणजे काय, याविषयी त्या काळाची जी समजूत होती ती मूल्यांच्या क्रमात सहज उतरली. अमरकोशातला कुत्रा आणि १९३७चा हरकारा यांच्यामध्ये शतकानुशतके पडली, तरी त्यांच्या बाबतीत घडले ते एकच : दोघांनाही त्यांच्या कामावरून जागा मिळाली, आणि ती जागा देणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

२९/
म्हणूनच विषयवार संग्राहकाचा पेच गंभीर आहे. त्याने उंट उचलून ‘सस्तन प्राणी’ या पानावर नेला, बैल ‘गुरे’ या पानावर आणि हरकारा ‘श्रमजीवी’ या पानावर, तर हरकाऱ्याला माणसांत जागा मिळते. हा न्यायच झाला. पण त्याच क्षणी ती आठ पायऱ्यांची शिडी मोडते आणि माणूस बैलाच्या खाली ठेवला गेला होता याचा पुरावा नाहीसा होतो. मालिका तशीच ठेवली तर पुरावा राहतो, पण साम्राज्याने लावलेला क्रमही जसाच्या तसा राहतो.

३०/
यातून सुटका करणारे सूत्र नाही. एक शिस्त मात्र आहे. तिकीट कोठेही लावावे, पण ते कोठून उचलले हे पानावर लिहावे. ‘सस्तन प्राणी’ या पानावरच्या उंटाखाली एक ओळ पुरते : १९३७ची टपालवाहतूक मालिका, आठांतील चौथे चित्र, आधी टांगा, नंतर आगगाडी. दुसरी प्रत मिळाली तर ती मालिकेच्या पानावर ठेवावी. अभिलेखागारात काम करणाऱ्यांना हे तत्त्व चांगले ठाऊक असते : कागद हलवला तरी त्याचे मूळ स्थान नोंदीत जिवंत राहिले पाहिजे.

३१/
ज्यांच्या घरी जुना अल्बम पडून असेल त्यांनी तो एकदा या नजरेने उघडावा. प्राण्याचे एखादे तिकीट घ्यावे आणि त्याला चार प्रश्न विचारावेत. हा प्राणी इथे स्वतःसाठी आला आहे, की कोणाचे प्रतीक म्हणून? त्याच्याकडून कोणते काम करून घेतले गेले? त्याच्या शेजारच्या मूल्यांवर कोण कोण होते? आणि चित्रात जो माणूस दिसतो, त्याला नाव दिले आहे काय?

३२/
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असे येईल. तिथे पानावर नावासाठी एक ओळ कोरी सोडावी. १९३७च्या हरकाऱ्याखाली ती ओळ बहुधा कोरीच राहील, पण ते पान पुढे चाळणाऱ्याला इथे एक माणूस होता आणि त्याला बैलगाडीच्या खालची जागा दिली गेली होती, एवढे तरी कळेल.

(धागा समाप्त)